इंजिन मागे गेलं, त्याआधीची साठ वर्षं

शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारचं इंजिन पुढून काढून सीटच्या मागे बसवणार, ही कुजबुज अमेरिकेत साठच्या दशकापासून चालू होती. ती खरी ठरायला २०१९ साल उजाडलं. या गाडीचे चाहते नव्या रूपाच्या प्रत्येक अफवेवर का उसळतात, हे त्या लांबलेल्या प्रतीक्षेशिवाय कळणार नाही.

मूळ कल्पना कंपनीतल्याच अभियंत्याची. झोरा आर्कस-डंटॉव्ह १९५३ मध्ये शेव्हरोलेची मालक असलेल्या जनरल मोटर्समध्ये रुजू झाले. १९६० मध्ये त्यांनी ‘सर्व्ह-१’ ही एका माणसाची प्रायोगिक गाडी बांधली, इंजिन चालकाच्या पाठीमागे. वजन मागच्या चाकांवर आलं की गाडी जोरात सुटताना टायरची पकड वाढते, हा त्यांचा मुद्दा. मागे इंजिन असलेल्या आणखी प्रायोगिक गाड्या झाल्या: १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एक्सपी-८८२ आली, १९८६ मध्ये कॉर्व्हेट इंडी. आता पुढची हीच, असं लोकांना वाटायचं आणि इंजिन पुढेच राहायचं. डंटॉव्ह १९९६ मध्ये वारले, मागे इंजिन असलेली कॉर्व्हेट विक्रीला आलेली न पाहताच. याची मला खरोखर हळहळ वाटते.

रूपावरून भांडणं तर आणखी जुनी. १९६३ च्या कॉर्व्हेटची, म्हणजे स्टिंग रेची, मागची काच मधोमध एका पट्टीने दुभंगलेली होती. डिझाइनप्रमुख बिल मिचेल यांचा तो हट्ट. मागचं दिसत नाही, म्हणून डंटॉव्ह यांचा कडाडून विरोध. पुढच्याच वर्षी पट्टी गेली. काही मालकांनी तर आपल्या १९६३ च्या गाडीतली पट्टी कापून अखंड काच बसवून घेतली. आज संग्राहक सर्वांत जास्त शोधतात ती दुभंगलेल्या काचेचीच गाडी.

२०१३ मध्ये मागचे गोल दिवे जाऊन चौकोनी आले, तेव्हा ‘ही तर कमारो’ (शेव्हरोलेचीच दुसरी गाडी) अशी ओरड झाली. मला ती रास्त वाटते. अंधारात पुढे धावणारी कॉर्व्हेट त्या गोल दिव्यांवरूनच ओळखू यायची.

मग १८ जुलै २०१९ ला आठवी पिढी आली. ६.२ लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, अखेर सीटच्या मागे बसलं. पण क्लचचं पेडल गेलं, मॅन्युअल गिअरबॉक्सचा पर्यायच उरला नाही. इंजिनासाठी वर्षानुवर्षं आग्रह धरणाऱ्यांतले कित्येक जण त्या पेडलासाठी आजही हळहळतात.