शालान्त परीक्षेतील बीजगणित : उदाहरण सोडवण्याच्या कौशल्याचे मूल्यमापन

शब्दांत सांगितलेल्या प्रसंगातून अज्ञात राशी हेरणे, तिला अक्षर देणे, अटींचे समीकरण मांडणे, ते सोडवणे आणि आलेले उत्तर मूळ प्रसंगाला लावून पाहणे ही बीजगणितातले उदाहरण सोडवण्याची पूर्ण वाट. यातली कोणती पायरी विद्यार्थ्याला जमते आणि कोणती अडते, हे लेखी परीक्षेतून ओळखणे म्हणजे या कौशल्याचे मूल्यमापन. महाराष्ट्रात त्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची दहावीची परीक्षा. तिथल्या पेपरचे अधिकृत नाव ‘गणित भाग १’ असले, तरी घराघरांत तो ‘बीजगणिताचा पेपर’ म्हणूनच ओळखला जातो.

बालभारतीचे सध्याचे दहावीचे पुस्तक २०१८ साली आले. त्यात सहा प्रकरणे आहेत : दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. काटेकोर अर्थाने बीजगणित पहिल्या तीनच प्रकरणांत आहे. जीएसटी आणि समभागांची उदाहरणे, नमुना अवकाश, मध्य-मध्यक-बहुलक यांत अक्षरे आणि सूत्रे येतात, पण अज्ञाताचा शोध त्यांत क्वचितच असतो. त्यामुळे या पेपरातल्या गुणांवरून मुलाच्या बीजगणिताविषयी सरसकट निष्कर्ष काढू नये.

‘समजा’ची ओळ

मराठी शाळेत शाब्दिक उदाहरणाचे उत्तर बहुधा ‘समजा’ या शब्दाने सुरू होते. ‘समजा, मुलाचे आजचे वय क्ष वर्षे.’ पुस्तकांत आता चलांसाठी रोमन अक्षरे छापतात, पण बोलताना ‘क्ष मानू’ अजून सुटलेले नाही. आकडेमोड सरावाने येते. काय मानायचे हे मात्र प्रत्येक उदाहरणात नव्याने ठरवावे लागते. म्हणून कौशल्याचा खरा कस या एका ओळीत लागतो.

भास्कराचार्यांचे भुंग्यांचे उदाहरण हे दाखवायला फार चांगले आहे. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. ११५० सालच्या ‘लीलावती’त ते विचारतात : थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ इतके भुंगे मालतीच्या फुलांवर गेले, साऱ्या थव्याचे आठ-नवमांशही तिकडेच गेले, एक भुंगा सुगंधाच्या लोभाने रात्री कमळात अडकला आणि त्याच्या गुणगुणण्याला बाहेरून त्याची भुंगी साद देते आहे, तर थव्यात भुंगे किती?

थवा क्ष मानला की पहिल्याच ओळीत वर्गमूळाचे चिन्ह येते आणि समीकरण किचकट होते. थवा २क्ष² मानला, तर निम्म्याचे वर्गमूळ सरळ क्ष होते. मग क्ष + १६क्ष²/९ + २ = २क्ष², म्हणजेच २क्ष² − ९क्ष − १८ = ०. मुळे ६ आणि −३/२. दुसरे मूळ सोडावे लागते, कारण वर्गमूळ म्हणून मालतीवर गेलेले भुंगे उणे असू शकत नाहीत. थवा ७२ भुंग्यांचा. ताळा : ६ + ६४ + २ = ७२. वर्गसमीकरण सोडवणे हा यातला सोपा भाग आहे. हुशारी आहे ती २क्ष² मानण्यात आणि नको असलेले मूळ ओळखून बाजूला ठेवण्यात.

शिक्षणशास्त्रात हीच वाट वेगवेगळ्या नावांनी मांडली गेली. हंगेरीत जन्मलेले गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये चार टप्पे सांगितले : प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि मागे वळून तपासणे. ऑस्ट्रेलियातील ॲन न्यूमन यांनी १९७७ मध्ये चुका कुठे होतात त्यावरून पाच पायऱ्या मांडल्या : वाचन, आकलन, गणिती रूपांतर, प्रक्रिया आणि उत्तराची मांडणी. शाब्दिक उदाहरणांतल्या चुकांचा मोठा वाटा प्रक्रियेपर्यंत पोचण्याआधीच घडतो, हे त्यांच्या पद्धतीने पुढे आले. जो मुलगा ‘गणितात कच्चा’ म्हणून शिकवणीला घातला जातो, तो पुष्कळदा वाक्य वाचतानाच अडलेला असतो. त्याच्याकडून आणखी पन्नास समीकरणे सोडवून घेतली, तरी ते अडणे सुटत नाही.

प्रश्नपत्रिकेची रचना

पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो. भूमितीचे ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० धरून गणिताचे १०० गुण होतात. पहिल्या प्रश्नात चार बहुपर्यायी आणि चार एका गुणाचे उपप्रश्न असतात आणि ते सगळे सोडवावे लागतात. पुढे विकल्प सुरू होतात. दुसऱ्या प्रश्नात दोन गुणांच्या तीनपैकी दोन कृती आणि पाचपैकी चार उदाहरणे; तिसऱ्यात तीन गुणांच्या दोनपैकी एक कृती आणि चारपैकी दोन उदाहरणे; चौथ्यात चार गुणांची तीनपैकी दोन; पाचव्यात तीन गुणांचे दोनपैकी एक. गणकयंत्र चालत नाही, आणि बहुपर्यायी प्रश्नात प्रथम लिहिलेले उत्तरच ग्राह्य धरले जाते.

विकल्पांसह छापलेल्या प्रश्नांची बेरीज केली, तर ती ६० गुणांची भरते. म्हणजे एक तृतीयांश पेपर न सोडवताही पूर्ण गुण मिळू शकतात. भेदरलेल्या मुलाला हा दिलासा आहे आणि तो असायलाच हवा. मूल्यमापनाच्या दृष्टीने मात्र यात एक अडचण आहे. शाब्दिक उदाहरणे ‘ऑप्शनला टाकून’ निश्चयक, श्रेढीचे सूत्र आणि आयतालेख यांवर पेपर बराच पुढे नेता येतो. दोन मुलांना सारखेच ३० गुण पडले, तर एकाने प्रत्येक ठिकाणी ‘समजा’ची ओळ लिहिलेली असू शकते आणि दुसऱ्याने एकदाही नाही. गुणपत्रिकेवर हा फरक दिसत नाही.

बहुपर्यायी प्रश्नांत आणखी एक वाट निघते. ‘क्ष² − ७क्ष + १२ = ० चे एक मूळ कोणते?’ असे विचारले, तर चारही पर्याय एकेक करून घालून पाहता येतात. ते चुकीचे नाही. किंमत घालून पाहणे हीही एक समज आहे. फक्त अवयव पाडता येतात की नाही, हे त्यातून कळत नाही. तेच कळायला हवे असेल, तर उलट विचारावे : मुळे ३ आणि ४ असलेले समीकरण लिहा.

कृतीच्या प्रश्नात उत्तराच्या पायऱ्या छापलेल्या असतात आणि मधल्या चौकटी रिकाम्या. विचाराची वाट प्रश्न काढणाऱ्याने आधीच आखलेली असते, मुलाने ती ओळखून पुढे जायचे. ज्याला कोऱ्या कागदाची भीती वाटते, त्याला या चौकटी हात देतात. उत्तीर्ण होण्यासाठी त्यांचा मोठा आधार आहे आणि त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र कृती पूर्ण करणे आणि उदाहरण सोडवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, हे शिक्षकांनी तरी विसरू नये.

पाचवा प्रश्न तीनच गुणांचा असला, तरी इथे नेहमीच्या साच्याबाहेर जाता येते. ‘ज्याचे उत्तर १२ आणि ८ येईल असे एकसामयिक समीकरणांवरील शाब्दिक उदाहरण तयार करा’ असे विचारले, की समीकरणाकडून प्रसंगाकडे उलटे चालावे लागते. पाठांतर तिथे उपयोगी पडत नाही.

उत्तरपत्रिका जवळून

एक उदाहरण घेऊ. ‘एका आयताकृती मळ्याची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त आहे. मळ्याचे क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर असल्यास लांबी व रुंदी काढा.’ अपेक्षित वाट अशी : समजा रुंदी क्ष मीटर, लांबी (क्ष + ५) मीटर; क्ष(क्ष + ५) = ३००; क्ष² + ५क्ष − ३०० = ०; (क्ष + २०)(क्ष − १५) = ०; क्ष = −२० किंवा १५; रुंदी ऋण नसते, म्हणून क्ष = १५; रुंदी १५ मीटर, लांबी २० मीटर.

आता चार उत्तरे डोळ्यांसमोर आणावीत. पहिल्यात ‘१५ × २० = ३००, फरक ५’ एवढेच लिहून उत्तर दिले आहे. ते बरोबर आहे आणि संख्यांची जाणही दिसते, पण बीजगणित कुठेच नाही. दुसऱ्यात लांबी क्ष मानली आहे; समीकरण क्ष² − ५क्ष − ३०० = ० येते आणि क्ष = २०. उत्तरसूचीशी ओळी जुळत नसल्या तरी रीत अचूक आहे, म्हणून पूर्ण गुण द्यायला हवेत. तिसऱ्यात समीकरण बरोबर आहे, पण अवयव (क्ष + १५)(क्ष − २०) असे पडले. रुंदी २०, लांबी २५. चौथ्यात दोन्ही मुळे काढून ‘रुंदी −२० किंवा १५’ असे लिहिले आहे आणि उत्तर तिथेच थांबले आहे.

तपासणी पायऱ्यांनुसार होते. नेमके वाटप त्या वर्षीच्या आदर्श उत्तरसूचीत दिलेले असते, आणि अर्ध्या-एका गुणाच्या तुकड्यांत ते उत्तरभर पसरते. तिसऱ्या मुलाने मानणे आणि मांडणे बरोबर केले, तेवढे गुण त्याच्या पदरात पडायला हवेत. चुकलेल्या चिन्हाचा दंड एकदाच व्हावा, त्यापुढच्या प्रत्येक ओळीला पुन्हा नव्हे. पण त्याने ताळा पाहिला असता, तर २० × २५ = ५०० हे एका क्षणात दिसले असते. ताळ्याला गुण नसले, की मुले तो पाहत नाहीत. प्राथमिक शाळेत भागाकाराचा ताळा सक्तीने करून घेतला जातो आणि दहावीपर्यंत येता येता ती सवय नाहीशी होते, ही खरोखर वाईट वाटण्यासारखी गोष्ट आहे.

चौथ्या उत्तराला बहुतेक गुण मिळतात, कारण प्रक्रिया पूर्ण आहे. तरी उणे वीस मीटर रुंदीचा मळा त्या मुलाला खटकला नाही. चार गुणांतला यासाठीचा अर्धा गुण कापला जातो खरा, पण उत्तराचा प्रसंगाशी संबंध तुटलेला आहे ही बाब त्या अर्ध्या गुणापेक्षा कितीतरी मोठी आहे. पहिल्या उत्तराचा निवाडा प्रश्नाच्या शब्दांवर अवलंबून असावा. ‘वर्गसमीकरण मांडून सोडवा’ असे स्पष्ट म्हटले असेल, तर नुसत्या उत्तराला फार गुण देता येणार नाहीत. तसे म्हटले नसेल, तर योग्य उत्तर शोधलेल्या मुलाला शून्य देणे अन्यायाचे ठरेल.

भाषेचा वाटा

१९८१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘सिक्स टाइम्स ॲज मेनी स्टुडन्ट्स ॲज प्रोफेसर्स’ या वाक्याचे समीकरण मांडायला सांगितले होते. एक तृतीयांशाहून अधिक जणांचे चुकले, आणि बहुतेकांनी ते उलटे लिहिले : ६व = प. शब्द ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने चिन्हे मांडली की ही चूक होते.

मराठीत तेच वाक्य ‘प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत’ असे होते. आता शब्दांच्या क्रमाने लिहिले, तरी ६प = व हे बरोबरच येते. तसेच ‘य च्या तिपटीपेक्षा ५ ने कमी’ हे डावीकडून उजवीकडे लिहीत गेले, की ३य − ५ मिळते. इंग्रजी ‘फाइव्ह लेस दॅन थ्री टाइम्स वाय’मध्ये मात्र ५ आधी येतो आणि ५ − ३य लिहिण्याचा मोह होतो. म्हणजे काही ठिकाणी मराठी वाक्यरचना मुलाला सांभाळून घेते. सगळीकडे नाही. ‘मुलींपेक्षा मुलगे ५ ने कमी आहेत’ हे क्रमाने मांडणारा ‘मुली = मुलगे − ५’ असे लिहितो आणि फसतो.

महाराष्ट्रातल्या सेमी इंग्रजी वर्गांच्या बाबतीत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. ही मुले गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकतात, बाकीचे विषय मराठीतून, आणि घरी बहुधा मराठीच बोलतात. वयाच्या उदाहरणात ‘पाच वर्षांपूर्वी आईचे वय मुलाच्या वयाच्या सातपट होते’ हे कानावर पडले असते, तर लगेच उलगडले असते. तेच इंग्रजीत वाचताना कोणाचे वय कोणाच्या पट आहे इथेच गाडी अडते. समीकरण चुकले की शेरा ‘बीजगणित कच्चे’ असा पडतो. वर्गातल्या चाचणीत तरी अडलेल्या मुलाला उदाहरण त्याच्या भाषेत तोंडी सांगून पाहावे. सांगितल्यावर समीकरण बरोबर आले, तर दोष कुठे आहे ते तिथल्या तिथे समजते. बोर्डाच्या पेपरात ही सोय नाही.

अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण अशा निदानासाठी वापरता येण्याजोगे आहेत. तोंडी विचारणे, चुकलेले उत्तर मुलालाच शोधायला लावणे, एकच उदाहरण दोन रीतींनी करून घेणे हे दोन तासांत साठ मुलांकडून होत नाही, पण वर्षभरात होऊ शकते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हे गुण वह्या पूर्ण असण्यावर दिले जातात.

निकालानंतर विद्यार्थ्याला शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. छायाप्रत हाती आली की बहुतेक घरांत आधी बेरीज तपासली जाते, मग न तपासलेला प्रश्न शोधला जातो. ज्याला अकरावीला गणित घ्यायचे आहे त्याने तीच पाने शाब्दिक उदाहरणांपाशी थांबून पाहावीत : समीकरण मांडण्यापूर्वी गुण गेले की नंतर. दोन्हींचा अभ्यास वेगवेगळा करावा लागतो.