पोलादपूरहून केलेला फोन

मुंबईहून गावाला जाताना पोलादपूर सुटायच्या आत घरी फोन करायचा, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता. "घाटात शिरतोय, आता फोन लागणार नाही, खेडला आलो की करतो." इतकंच बोलायचं. कशेडी घाट चढून-उतरून खेडच्या भरणे नाक्यावर पोचलं की दुसरा फोन. मधला पाऊण तास आई घड्याळाकडे बघत बसलेली. घाटाची भीती एक आणि "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे" हे ऐकण्याची भीती दुसरी. दुसरी जास्त.

मुंबई-गोवा रस्त्यावर रेंज का जाते, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: डोंगर आहेत ना! खरं आहे, पण अर्धंच. डोंगर शिवकाळातही तिथेच होते. टॉवर कुठे उभे राहिले आणि कुठे नाही, हे मात्र माणसांनी, परवान्यांनी आणि गिऱ्हाइकांच्या हिशोबाने ठरवलं.

आधी रस्त्याची ठेवण बघू. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग १७, आताचा ६६, पनवेलहून निघून दक्षिणेला जातो. कोकणातल्या नद्या मात्र सह्याद्रीतून निघून पश्चिमेला समुद्राकडे धावतात. म्हणजे रस्ता प्रत्येक नदीला आडवा छेदतो. नागोठण्याला अंबा, कोलाडला कुंडलिका, महाडला सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, राजापूरला अर्जुना. दोन नद्यांच्या मध्ये चढ, खिंड किंवा सडा, म्हणजे कातळाचं पठार, आणि पुन्हा उतार. महाड, चिपळूण, राजापूर, खारेपाटण या पेठा नेमक्या जिथे आहेत तिथेच का आहेत? भरतीच्या पाण्याबरोबर गलबतं खाडीतून तिथपर्यंत वर येत, म्हणून. माल उतरायचा तिथे बाजार वसला, बाजारातून रस्ता गेला, आणि शेवटी बाजाराच्या डोक्यावर मोबाईलचा टॉवर आला. खाडीच्या मुखातून गलबतं आत येणं थांबलं, तरी त्यांनी ठरवून दिलेल्या जागा आपण अजून वापरतोय.

मोबाईलच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. ९०० मेगाहर्ट्झसारखी खालची लहर लांब पोचते, अडथळ्याला थोडा वळसाही घालते. १८०० किंवा २३०० ची लहर जास्त माहिती वाहते, पण लवकर दमते. जुन्या टू-जीच्या तंत्रात टॉवरपासून ३५ किलोमीटरपर्यंत फोन चालू शकतो, पण कागदावर. खाडीच्या किंवा समुद्राच्या मोकळ्या पाण्यावर हे अंतर बऱ्यापैकी जमतं, म्हणून बंदरातून निघालेल्या होडीत तांडेलाला बराच वेळ फोन लागतो. आणि टॉवरपासून चार किलोमीटरवरच्या घाटातल्या वळणावर लागत नाही, कारण मध्ये डोंगराची सोंड आलेली असते. पावसात भिजलेली गर्द झाडी आणि जांभ्या दगडाच्या जाड भिंती उरलंसुरलं गिळतात.

मोबाईलच्या आधी एसटीडीचे बूथ होते. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली आणि तिने १२८ लाइनचं छोटं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं. त्याला वातानुकूलित खोली लागत नसे, धूळ-उकाडा चालत असे. असल्या एक्स्चेंजमुळे तालुक्याच्या बाहेरही थेट नंबर फिरवता येऊ लागला, आणि नव्वदच्या दशकात एसटी स्टँडसमोर पिवळ्या पाट्या उगवल्या. गाडी चहाला थांबली की लोक आधी बूथकडे धावायचे, मग चहाकडे. काचेच्या खोक्यात उभं राहून मीटरचे लाल आकडे पळताना बघत बोलायचं. गावात फोन असायचा तो एखाद्या दुकानदाराकडे, म्हणजे पीपी नंबर. तो पोऱ्याला पिटाळणार, पोऱ्या पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून आपल्या घरी सांगणार, आणि दहा मिनिटांनी परत फोन करायचा. निरोप उशिरा पोचायचा, पण पोचायचा हे नक्की. आणि रस्त्यावरचा माणूस फोनवर नसणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. काळजी होती, पण दर वीस मिनिटांनी नवी होत नव्हती.

३१ जुलै १९९५ ला कलकत्त्याहून बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांच्या आसपास पडायचे आणि आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जायचे. सरकारने मोबाईलच्या परवान्यांसाठी देशाचे विभाग, म्हणजे सर्कल, पाडले होते. मुंबई हे वेगळं सर्कल, आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट दुसरं. मुंबईचे परवाने वेगळ्या हातात, महाराष्ट्राचे वेगळ्या. महाराष्ट्र आणि गोवा सर्कलमध्ये सुरुवातीला बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी या दोनच कंपन्या होत्या. कोकणी माणसाचं पोट मुंबईत आणि घर रत्नागिरीत, म्हणजे त्याच्या आयुष्याच्या मधोमधच ही रेघ गेली. पनवेल मागे पडलं की फोनच्या पडद्यावरचं नाव बदलायचं आणि रोमिंग सुरू. त्या काळात आमच्या बसमध्ये फोन वाजला की मालक आधी नंबर बघायचा, मग तो कापायचा. मिस्ड कॉल म्हणजे "सुखरूप आहे". सगळ्या कोकणाने बिनपैशाची ही तारसेवा स्वतःच शोधून काढली होती.

सुरुवातीला कंपन्यांनी परवान्यासाठी भरमसाट बोली लावल्या होत्या, आणि ते ठरीव शुल्क भरताना त्यांची दमछाक झाली. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने त्याऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायचं ठरवलं, तेव्हा कुठे शहराबाहेर टॉवर उभारायला हात मोकळा झाला. पण परवान्यातली अट काय होती? तीन वर्षांत सर्कलमधल्या निम्म्या जिल्हा मुख्यालयांत सेवा द्यायची, आणि परवानगी घेतली तर मुख्यालयाऐवजी दुसरं एखादं शहर चालेल. खेड्यात सेवा द्यायची सक्ती नाही. रस्त्याचा तर उल्लेखही नाही. आता कोकणची मुख्यालयं बघा. अलिबाग समुद्राकाठी, महामार्गापासून दूर. रत्नागिरी महामार्गावरच्या हातखंब्याहून आत. महामार्गावर आहे ती एकटी सिंधुदुर्गची ओरोस. म्हणजे तिन्ही मुख्यालयं झाली असती, तरी मधला शेकडो किलोमीटरचा रस्ता अटीत बसला नसता.

तरीही रस्त्यावर रेंज आली, आणि आतल्या गावांच्या आधी आली. माझ्या मते याचं श्रेय रोमिंगला आहे. मुंबईचं कार्ड घेऊन जाणारा प्रवासी महाराष्ट्र सर्कलच्या कंपनीला मिनिटामागे चांगले पैसे देऊन जायचा. मग टॉवर कुठे लावणार? जिथे गाड्या थांबतात तिथे. वडखळ, माणगाव, महाड, भरणे नाका, चिपळूण, हातखंबा, कणकवली. घाटात कुणी थांबत नाही, मग तिथे कशाला? रेंजची माळ अशी थांब्याथांब्याने ओवली गेली आणि मधला दोरा तसाच उघडा राहिला. आज दोन पेठांच्या मध्ये फोन मुका होतो, तो त्याच माळेचा उघडा दोरा.

ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलने मोबाईल सुरू केला आणि १ मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले. या दोन गोष्टींनी कोकण खऱ्या अर्थाने फोनवर आलं. बीएसएनएलकडे तालुक्यातालुक्यात एक्स्चेंजची इमारत, वीज, जागा आणि केबल आधीपासून होती. टॉवर तिथेच उभा केला की झालं. त्यामुळे आतल्या गावांत "सरकारी कार्डालाच रेंज" ही म्हण बरीच वर्षं टिकली.

आमच्या वाडीत तीही पोचत नव्हती. काका संध्याकाळी सहाला घरामागची चढण चढून सड्यावर जायचे. काळ्या कातळावर एक चपटा दगड होता, त्यावर उभं राहिलं की दोन काड्या यायच्या. तिथे चार वाड्यांचे सात-आठजण समुद्राकडे तोंड करून, एकमेकांना पाठ देऊन, ओरडून बोलत उभे असायचे. कुणाच्या पोराची नोकरी, कुणाचं ऑपरेशन, आंब्याच्या पेटीचा भाव, सगळं सगळ्यांना ठाऊक. पुढे घरात रेंज आली ती पडवीच्या एकाच खांबापाशी. तिथे खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत फोन टांगलेला असायचा. वाजला की पिशवीतून न काढताच कान लावायचा, कारण खांबापासून हातभर सरकलं की आवाज तुटायचा. नंतर एका कंपनीचा विक्रेता "पूर्ण गावात फुल रेंज" सांगून चार कार्डं खपवून गेला. तीही शेवटी त्याच खांबाला लटकली.

धंद्याला न परवडणाऱ्या अशा गावांसाठी सरकारने सार्वत्रिक सेवा निधी काढला होता. कंपन्यांच्या उत्पन्नातला ५ टक्के वाटा त्यात जमा होतो. २००३ च्या कायद्याने त्याला आधार मिळाला, पण मोबाईलसाठी तो वापरायची मुभा २००६ च्या दुरुस्तीने आली. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. जुलै २०२२ मध्ये सरकारने २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली: सेवा न पोचलेल्या २४,६८० गावांत बीएसएनएलने फोर-जी न्यायचं. मोजमाप मात्र गावाचं. दोन गावांमधल्या घाटाला ग्रामपंचायत नसते, त्यामुळे तो कोणत्याच यादीत चढत नाही.

२०१६ नंतर चित्र पालटलं. ५ सप्टेंबरला जिओ आलं, दर कोसळले, पाठोपाठ कंपन्या बुडाल्या किंवा विलीन झाल्या, आणि २०१७ च्या सुमाराला देशातलं रोमिंगही फुकट झालं. प्रवाशाच्या खिशाला हे छानच. पण रस्त्यावरच्या प्रवाशाकडून मिळणारी जादा कमाईही त्याबरोबर गेली. पूर्वी रस्त्यावर सात-आठ कंपन्यांपैकी एकाचा तरी सिग्नल मिळायचा, आता चारच. गणपतीत तर वेगळाच प्रकार. लाखो चाकरमानी एकाच आठवड्यात उतरतात, माणगावला गाड्यांची रांग लागते, फोनवर चारही काड्या दिसतात आणि मेसेज मात्र जात नाही. टॉवर त्या गावच्या लोकसंख्येला मोजून बसवलेला असतो, रांगेतल्या बसगाड्यांना नाही.

आणि मग चौपदरीकरण. पनवेल ते इंदापूर हा पहिला टप्पा २०११ मध्ये सुरू झाला, आणि तो पुढे किती रखडला हे कोकणातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. टॉवरला जोडणारी ऑप्टिकल फायबर केबल बहुतेक रस्त्याच्या कडेनेच पुरलेली असते. जेसीबीचा पंजा एकदा पडला की एका तालुक्याचा फोन आणि बँकेचं एटीएम एकदम गप्प. खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवता यावं म्हणून केंद्राने मार्च २०२३ मध्ये त्यासाठीचं ॲप काढलं. महामार्गाचं बरंचसं खोदकाम त्याआधीच उरकलं होतं. शिवाय रस्ताच जागचा हलला. कणकवलीत तो बाजाराच्या डोक्यावरून उड्डाणपुलाने जातो, कशेडीत डोंगराच्या पोटातून. टॉवर जुन्या रस्त्याला धरून राहिले.

संपर्क तुटणं म्हणजे काय, हे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री कळलं. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या त्यात गेल्या. त्या रात्री निघालेल्या आमच्या एका नातेवाइकाचा फोन सकाळी नऊपर्यंत लागत नव्हता. त्याची गाडी दुसरी होती. बॅटरी संपली होती, इतकंच. पण त्या सकाळी कोकणातल्या किती घरांत तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं गेलं असेल, देव जाणे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे वीज आणि फोन दोन्ही गेले. टॉवरला जनरेटर असतो, पण झाडं आडवी पडून रस्ता बंद झाला की डिझेल पोचणार कसं? २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले आणि महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हाही तीच कथा.

त्यानंतर काही गोष्टी हलल्या. २०२३ मध्ये सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी कर्कश भोंगा वाजला, ती आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी होती. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना आपली सेवा कुठे आहे याचे नकाशे संकेतस्थळावर टाकायला लावले. जानेवारी २०२५ पासून डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ यांची गिऱ्हाइकं एकमेकांची सेवा वापरू शकतात. आणि हे आजही अनेकांना ठाऊक नसतं: आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुणाची असेल, तर ११२ लागतो. पडद्यावर "फक्त आपत्कालीन कॉल" दिसतं, त्याचा अर्थ तोच.

२०२३ च्या गणपतीला कशेडीच्या बोगद्याची एक बाजू उघडली. घाटाचा पाऊण तास दहा-पंधरा मिनिटांवर आला. पहिल्यांदा त्यातून गेलो तेव्हा गप्पांच्या नादात पोलादपूर कधी गेलं कळलंच नाही, एकदम भरणे नाक्यावरूनच फोन लावला. पलीकडून आई म्हणाली, "पोलादपूरहून का नाही केलास? मी केव्हाची फोनपाशी बसलेय."