नारिंगी हॉकवीड

नारिंगी हॉकवीड ही सूर्यफुलाच्या कुळातली (ॲस्टरेसी) बहुवर्षायू रानटी वनस्पती, शास्त्रीय नाव पिलोसेला ऑरँटिआका, जुन्या पुस्तकांत हायरेशियम ऑरँटिआकम. मूळची मध्य आणि दक्षिण युरोपातल्या डोंगरांमधली, आल्प्सच्या कुरणांतली. फुलाच्या रंगामुळे बागेत आली आणि बागेतून पुन्हा रानात पळाली, तेही परक्या खंडांवर.

पानं जमिनीलगत झुपक्यात, केसाळ, मोडली की पांढरा चीक येतो. मधून साधारण १० ते ४० सेंमी.चा जवळपास बिनपानांचा दांडा निघतो आणि टोकाला फुलांचा गुच्छ. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरं तर अनेक छोट्या फुलांचं स्तबक, आणि इथे ती सगळीच जिभेसारख्या पाकळीची असतात, सूर्यफुलासारखी मधली नळीदार फुलं नसतात. रंग गडद नारिंगी ते तांबडा. बाकीची बहुतेक हॉकवीडं पिवळी असल्यामुळे ही ओळखायला सोपी. दांड्यावर आणि कळीखालच्या हिरव्या आवरणावर काळे केस असतात, त्यावरूनच इंग्लंडात हिला ‘ग्रिम द कोलियर’, म्हणजे काळवंडलेला कोळसेवाला, असं नाव पडलं.

हायरेशियम हे नाव ग्रीक ‘हिएराक्स’ म्हणजे ससाणा यावरून. ससाणे हिच्या चिकाने नजर तीक्ष्ण करतात असा जुना समज प्लिनी या प्राचीन रोमन लेखकाने नोंदवलाय, पण त्याची वनस्पती नेमकी हीच होती असं समजायचं कारण नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये हिला हायरेशियम या वंशात (जवळच्या जातींच्या गटात) घातलं, १८६२ मध्ये पिलोसेलामध्ये हलवली गेली, आणि वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. काही जण पिलोसेलाला हायरेशियमचा उपवंशच धरतात. वेगळा वंश मानणाऱ्यांचं म्हणणं असं की पिलोसेलाला धावती खोडं (जमिनीवर सरपटत जाऊन नवं रोप देणारी) असतात, फळं लहान, आणि फळावरच्या केसांची एकच रांग, शिवाय बी तयार होण्याची आतली पद्धतसुद्धा वेगळी. हा शेवटचा मुद्दा वजनदार आहे, त्यामुळे इथे पिलोसेला हेच नाव घेतलंय.

ही वनस्पती परागण न होताच बी धरू शकते, याला ॲपोमिक्सिस म्हणतात. अशा बीतून आलेलं रोप आईची हुबेहूब नक्कल असतं. पण पराग मात्र निकामी नसतात, अधूनमधून संकरही होतो, आणि मग तो संकर स्वतःच्या नकला काढत बसतो, म्हणून या गटात जाती किती हे मोजतानाच तज्ज्ञांची दमछाक होते.

वाटाण्यावरच्या प्रयोगांतून आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगोर मेंडेलचं कोडं हेच होतं. वाटाण्यानंतर त्याने हॉकवीडवर काम केलं, त्यात हीसुद्धा होती, आणि १८६९ मध्ये वाचलेला निबंध १८७० मध्ये छापून आला. निकाल वाटाण्याच्या बरोबर उलटे, पहिल्या पिढीतले संकर एकमेकांसारखे नव्हते आणि त्यांची पुढची पिढी मात्र अजिबात बदलत नव्हती. इतक्या बारीक फुलांतले पुंकेसर भिंगाखाली काढता काढता त्याच्या डोळ्यांना त्रास झाला तो वेगळाच. म्युनिकच्या कार्ल नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला या वनस्पतीच्या नादी लावून चुकीच्या वाटेला नेलं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, पण नेगेलीला लिहिलेल्या १८६६ च्या पहिल्याच पत्रात मेंडेल स्वतःच हायरेशियमवर प्रयोग करायचं ठरवल्याचं सांगतो, त्यामुळे सगळा दोष नेगेलीवर टाकणं पटत नाही. उलगडा १९०३ मध्ये झाला, ओस्टेनफेल्ड आणि राउंकिअर या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी न उमललेल्या कळ्यांचा वरचा भाग, म्हणजे पुंकेसर आणि स्त्रीकेसराची टोकं, कापून टाकला आणि तरी बी धरलं. मेंडेल १८८४ मध्येच गेला होता, त्याला हे कळलंच नाही.

लागवड अवघड नाही. भरपूर ऊन आणि पाणी न साठणारी हलकी जमीन पुरते, खताची गरज नाही, थंडी चांगली सोसते. झुपका वेगळा करून वसंतात किंवा शरदात लावतात, बियांपासूनही येते. पण परागण करणारे किडे नसले तरी बी होतं हे विसरू नये, फुलं सुकायच्या आत दांडे कापायचे, नाहीतर केसाळ फळं वाऱ्यावर जातात. एवढं करूनही धावती खोडं पसरतातच, आणि उपटताना खोडाचा तुकडा राहिला की तिथून नवं रोप.

उत्तर अमेरिकेत ती शोभेची म्हणूनच आणली गेली, आज तिथे अनेक ठिकाणी ती कायद्याने घातक तण ठरलेली आहे. अशा ठिकाणी ती लावूच नये, लावण्याआधी स्थानिक नियम बघणं गरजेचं आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या उंच पठारांवर आणि कोशियस्को राष्ट्रीय उद्यानात ती हुडकून काढायला ड्रोन आणि वास घेणारी प्रशिक्षित कुत्री वापरतात, कारण फुलं नसताना गवतात दडलेला पानांचा झुपका माणसाच्या नजरेतून सहज सुटतो.