टायरमधला सेन्सर आणि आपली खारी हवा

पावसाळा संपल्यावरची गोष्ट. रत्नागिरीत भाट्याजवळ टायरची हवा चेक करायला थांबलो, दुकानातला पोरगा म्हणाला "काका, टोपण फिरत नाय, चिकटलंय". जरा पक्कड लावली आणि टोपणासकट हवा भरायचा वॉलच (व्हॉल्व्ह) तुटून त्याच्या हातात आला, टायर दहा सेकंदात जमिनीला. पोराचा चेहरा एवढासा झाला पण त्याची काहीच चूक नव्हती. नवीन अलॉय चाकं घालून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि त्या वॉलला आतून टायर प्रेशरचा सेन्सर जोडलेला होता.

तुटलेला तुकडा नीट बघितला तर आट्यांवर पांढरी भुकटी जमलेली, चुन्यासारखी. रत्नागिरी, गुहागर, मालवण, देवगड, समुद्राच्या हाकेवर राहणाऱ्या कोणीही अशी भुकटी ॲल्युमिनियमच्या खिडक्यांवर बघितली असेल, तीच ही.

आधी सेन्सर म्हणजे काय ते सांगतो. गाडीत टायर प्रेशर कळायचे दोन मार्ग. एक म्हणजे एबीएसचे (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) स्पीड सेन्सर वापरून, हवा कमी झाली की चाकाची त्रिज्या किंचित घटते आणि ते चाक बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा फिरतं, त्यावरून गाडी ओळखते. यात चाकात काहीच बसवायचं नसतं, अलॉय बदलले तरी हवा बरोबर करून सिस्टम रिसेट केली की झालं. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक चाकाच्या आत, वॉलच्या मुळाशी बसवलेली काडेपेटीएवढी डबी. तिच्यात सिलिकॉनचा एक अतिशय पातळ पडदा असतो, हवेच्या दाबाने तो वाकतो, वाकला की त्याचा विद्युतरोध बदलतो आणि तेच प्रेशरचं माप. सोबत तापमान मोजायची सोय, एक लिथियमची बॅटरी आणि छोटा रेडिओ. अमेरिकेत २००० साली याबद्दलचा कायदा झाला आणि २००७ च्या सप्टेंबरपासून तिथल्या सगळ्या नवीन कारना प्रेशरची वॉर्निंग सक्तीची झाली, युरोपात २०१४ च्या नोव्हेंबरपासून.

मला यात सगळ्यात भारी काय वाटतं सांगू, गाडी ताशी ८० ने चाललेली असताना त्या डबीवर गुरुत्वाकर्षणाच्या शंभरपट ओढ पडते. म्हणजे ३० ग्रॅमची डबी ३ किलोच्या वजनासारखी वॉलला बाहेरच्या दिशेने ओढत असते, आणि वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. याच ओढीवरून सेन्सरला कळतं की गाडी निघाली, मग तो जागा होतो आणि साधारण मिनिटाला एकदा आकडा पाठवतो, गाडी उभी असली की झोपतो, म्हणून तर एवढीशी बॅटरी पाच ते दहा वर्षं टिकते. ती बॅटरी रेझिनमध्ये कायमची बंद केलेली असते, संपली की बहुतेकदा सेन्सरच नवा घ्यायचा.

आता बाहेरचे अलॉय घेताना बघायचं काय. कंपनीच्या रिममध्ये डबी बसेल अशी जागा धरलेली असते, बाहेरच्या रिममध्ये असेलच असं नाही. वॉलच्या भोकाच्या आतल्या बाजूचा उतार वेगळा असेल तर डबी अधांतरी राहते नाहीतर रिमला घासते, म्हणून टायर चढवायच्या आधी नुसत्या रिमवर एक सेन्सर बसवून बघायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. फ्रिक्वेन्सी पण बघा, अमेरिकेकडचे बरेच सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झचे असतात, आपल्याकडच्या गाड्या सहसा ४३३ वाल्या. शिवाय प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा नंबर असतो, तो गाडीला शिकवावा लागतो किंवा जुना नंबर नव्या सेन्सरमध्ये कॉपी करता येतो. बॅलन्सिंग परत करायचंच, एका बाजूला ३० ग्रॅम वाढलेत ना.

पण आपल्याकडे खरा घोळ होतो तो वॉलमध्ये. रबरी वॉलच्या आतली नळी पितळेची असते, तिचा फारसा त्रास नाही. सेन्सरचे नटाने आवळायचे वॉल मात्र बरेचदा ॲल्युमिनियमचे. त्यात पंक्चरवाल्याने सवयीने नेहमीची पिवळी पितळी पिन (वॉलच्या आत बसून हवा अडवणारी) घातली की दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले, वर खाऱ्या हवेचा ओलावा, म्हणजे झाला की हो बॅटरीसारखा छोटा सेल तयार! यात ॲल्युमिनियम झिजतं आणि पितळ शाबूत राहतं. एरवी ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो तो त्याला वाचवतो, पण मिठातलं क्लोराइड नेमका तोच थर फोडतं. पितळी टोपण लावलं तरी हीच कथा, माझं तेच होतं, दिसायला छान म्हणून घेतलेलं. म्हणून पिन निकेलचा मुलामा दिलेलीच हवी, ती रंगाने चंदेरी दिसते, आणि टोपण साधं प्लास्टिकचं, ज्याच्या आत रबराची चकती आहे असं. पिन पिवळी दिसली तर तिथल्या तिथे बदलायला सांगा. नट पण जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्यानेच आवळायला हवा, हाताच्या अंदाजाने जास्त आवळला की वॉलला चीर जाते.

टायर उतरवताना मशीनचा दांडा वॉलपासून लांब ठेवायला आधीच सांगा, नाहीतर डबी फुटलीच. पंक्चरचं लिक्विड भरायचा मोह टाळा, सेन्सरचं बारीक भोक त्याने बुजतं.

आणि आकडे थोडे हलले म्हणून घाबरू नका. टायर १० अंशांनी तापला की ३२ पीएसआयचे साधारण साडेतेहतीस होतात, आंबोली घाट चढून वर गेलात तर बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्यामुळेही गेजवर एखादा पॉइंट वाढतो. हवा सकाळी, गाडी थंड असतानाच भरावी.

माझ्या सेन्सरची डबी सुदैवाने वाचली, वॉल तिला एका स्क्रूने जोडलेला होता, त्यामुळे चारही चाकांचे वॉल आणि रबरी वॉशर बदलले, सेन्सर जुनेच ठेवले. तो तुटलेला तुकडा गाडीच्या खणात ठेवलाय, कोणी नवीन अलॉय घेतोय म्हणाला की आधी तोच हातात देतो.