टॉक रेडिओ, स्वतंत्र

टॉक रेडिओ, स्वतंत्र : संभाषण, मुलाखती व श्रोत्यांचे दूरध्वनी यांवर उभा असलेला आणि केंद्राच्या पगारी कर्मचाऱ्यांऐवजी निवेदकाने स्वतः किंवा त्याच्या छोट्या संस्थेने निर्माण केलेला नभोवाणी कार्यक्रम. हा प्रकार मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वाढला. तेथील खाजगी केंद्रांना प्रक्षेपणाचा वेळ तासाच्या हिशेबाने विकता येतो, हे त्याचे मूळ कारण.

उगम : पहिला मान कोणाचा, याबद्दल एकमत नाही. न्यूयॉर्कमधील निवेदक बॅरी ग्रे याने १९४५ च्या सुमारास दूरध्वनीचा रिसीव्हर मायक्रोफोनला लावून वुडी हर्मन या वाद्यवृंदप्रमुखाचे बोलणे श्रोत्यांना ऐकवले, असे परंपरेने सांगितले जाते. पूर्ण वेळापत्रक संभाषणाला देण्याचा मान काही जण सेंट लुईसच्या केएमओएक्स केंद्राला, तर काही लॉस अँजेल्सच्या केएबीसी केंद्राला देतात. दोघांचेही वर्ष १९६० आहे. मात्र केएमओएक्सने सुरुवातीला दुपारचेच तास संभाषणाला दिले होते. त्यामुळे ‘सर्ववेळ’ या निकषावर केएबीसीचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो.

विलंबयंत्रणेचा, म्हणजे बोलणे काही सेकंद रोखून मग प्रक्षेपित करणाऱ्या यंत्रणेचा, उगम याहून महत्त्वाचा आहे, कारण तिच्यावाचून अनोळखी माणसाचा आवाज थेट हवेत सोडणे परवानाधारकाला परवडले नसते. पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउनच्या डब्ल्यूकेएपी केंद्राने १९५२ च्या सुमारास ध्वनिफितीवर आधारित विलंब वापरल्याचा उल्लेख बहुतेक ठिकाणी आढळतो. दूरध्वनीवरील थेट संभाषण प्रक्षेपित करण्यावर त्या काळी असलेले निर्बंध टाळण्यासाठी ही क्लृप्ती योजली गेली असावी. फितीवर ध्वनिमुद्रण करणारे शीर्ष (हेड) व ती वाचणारे शीर्ष यांत अंतर ठेवायचे, एवढीच तिची रचना. फीत सेकंदाला ७.५ इंच धावत असेल, तर ७ सेकंदांच्या विलंबाला ५२.५ इंच, म्हणजे सुमारे १३३ सेंमी. फीत दोन शीर्षांमध्ये लागते. त्यासाठी बहुधा दोन यंत्रे शेजारी मांडून एकच फीत दोन्हींतून ओढली जाई. फीत ताणली की आवाज डळमळे, तुटली की प्रक्षेपणच थांबे. आक्षेपार्ह शब्द कापल्यावर तेवढे सेकंद भरून काढायला धून लावावी लागे. १९७० नंतरच्या दशकाअखेरीस अंकीय यंत्रे आली. ती बोलण्यातील विराम किंचित लांबवून गेलेला विलंब श्रोत्याच्या नकळत पुन्हा साठवतात.

या प्रकाराच्या भरभराटीचे श्रेय सामान्यतः १९४९ चे ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ १९८७ मध्ये रद्द झाल्याला दिले जाते. वादग्रस्त विषयांवर परस्परविरोधी मते मांडण्याचे बंधन त्यामुळे गेले, आणि १९८८ मध्ये निवेदक रश लिंबॉ याचा राजकीय चर्चेचा कार्यक्रम देशभर सुरू झाला, हे खरेच. तथापि त्याआधीच संगीताचा श्रोता एफएमकडे वळला होता व मध्यम तरंगांवरील केंद्रांना स्वस्तात वेळ भरणे निकडीचे झाले होते. निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आणि उपग्रहाद्वारे वितरण हेही उपलब्ध होते. धोरणबदलाने वेग दिला, पाया मात्र तंत्र व अर्थकारण यांनी घातला, असे मानणे अधिक योग्य.

अर्थव्यवहार : दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत निवेदक केंद्राकडून तास विकत घेतो आणि त्यातील जाहिराती स्वतः विकतो. दुसरीत कार्यक्रम केंद्राला फुकट मिळतो, पण तासातील काही जाहिरात-मिनिटे निर्मात्याकडे व उरलेली केंद्राकडे राहतात. नवखा निवेदक बहुधा पहिलीत अडकतो, कारण भाडे दर आठवड्याला द्यावे लागते आणि प्रायोजकांचे पैसे महिन्या-दोन महिन्यांनी येतात. म्हणून निदान एका तिमाहीचे भाडे हाती असल्याशिवाय करार करू नये. खेळाचा सामना वा निवडणुकीच्या रात्री कार्यक्रम वगळण्याचा हक्क केंद्र राखून ठेवते. आशयाची कायदेशीर जबाबदारी परवानाधारकावरच असल्याने हे कलम निघत नाही. वगळलेल्या तासाचे भाडे परत मिळेल की नाही, हे मात्र लिहून घेता येते.

तासाची आखणी : पहिली पाच-सहा मिनिटे केंद्र ज्या जाळ्याशी (नेटवर्कशी) जोडलेले असते त्याच्या बातम्यांची असतात, पुढचा वेळ चार खंडांत विभागला जातो. श्रोतृमापनात पंधरा मिनिटांच्या पट्टीत किमान पाच मिनिटे ऐकले तरच श्रोता मोजला जातो. त्यामुळे जाहिराती पंधरा मिनिटांच्या सीमेवर ठेवणे चुकीचे. रंगलेले संभाषण ती सीमा ओलांडून न्यावे व नंतर थांबावे. बातम्यांना जोडण्यापूर्वी विलंब शून्यावर आणावा लागतो, नाहीतर बातम्यांचे पहिले सात सेकंद कापले जातात. तासाच्या तोंडाशी केंद्राची संकेताक्षरे व लगेच परवान्यावरील गाव यांची घोषणा कायद्याने आवश्यक आहे.

कक्ष व दूरध्वनी : सर्वाधिक बिघाड दूरध्वनीजोडणीत होतात. फोन करणाऱ्या श्रोत्याकडे परत जाणाऱ्या ध्वनिमिश्रणातून त्याचा स्वतःचा आवाज वगळलेला असावा लागतो. तो राहिला तर प्रतिध्वनी वा शिटी ऐकू येते. साध्या दूरध्वनीची कंप्रतामर्यादा ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ असल्याने आवाज पातळ लागतो. खालचे स्वर वाढवून तो सुधारत नाही, नुसती घरघर वाढते. निवेदकाने विलंबापूर्वीचा ध्वनी ऐकावा. श्रोत्याने आपला रेडिओ बंद केला नाही, तर स्वतःचेच सात सेकंद जुने वाक्य ऐकून तो अडखळतो. ही सूचना, शिवाय बोलणे प्रक्षेपित होणार असल्याची पूर्वकल्पना, फोन गाळणारा सहायक देतो. नाव, गाव व मुद्दा एका ओळीत तो निवेदकाच्या पडद्यावर टाकतो. सहायकाचा पगार वाचवण्याकडे स्वतंत्र निवेदकांचा कल असतो, आणि कार्यक्रमाचा दर्जा पहिल्यांदा तिथेच घसरतो.

प्रसार : इतर केंद्रांच्या कार्यक्रमप्रमुखांना पूर्ण तास पाठवणे व्यर्थ असते. जाहिराती व संगीत काढलेला, पाच ते दहा मिनिटांचा नमुना पुरतो. पहिल्या मिनिटात श्रोत्याचा फोन असावा, कारण निवेदक लोकांना कसा हाताळतो हेच पाहिले जाते. आठवड्याअखेरची कमी मागणीची वेळ आधी मिळते. तीस सेकंदांच्या घोषणेत विषय, वार व वेळ नेमकी सांगावी. ‘रोज नवे काही’ अशा मोघम घोषणेने कोणी रेडिओ लावत नाही. पॉडकास्टसाठी प्रत बनवताना ध्वनिपातळी नव्याने बसवावी. सार्वजनिक नभोवाणीसाठी −२४, तर पॉडकास्टसाठी साधारण −१६ एलयूएफएस (कानाला जाणवणारी ध्वनिपातळी मोजण्याचे एकक) हे प्रमाण वापरले जाते. निवेदक निवडणुकीला उभा राहिल्यास प्रतिस्पर्ध्यांना समान वेळेचा हक्क मिळतो, म्हणून केंद्रे त्याला हवेवरून उतरवतात.

भारतातील स्थिती : भारतात खाजगी एफएम केंद्रांना स्वतःची वार्तापत्रे करता येत नाहीत, त्यामुळे राजकीय चर्चेचा हा प्रकार येथे रुजला नाही. २००६ च्या धोरणाने नागरी संस्थांना सामुदायिक केंद्रे चालवण्याची मुभा मिळाली. व्यक्तीला परवाना मिळत नाही, प्रभावी प्रक्षेपणशक्ती १०० वॉटपर्यंत असते आणि निम्मा आशय स्थानिक असावा लागतो. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ व म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ही अशी केंद्रे आहेत.