पंचावन्नावा घोडा

माझी भाची बारा वर्षांची आहे. ठाण्यात वर्तकनगरला राहते, आठवड्यातून तीनदा बुद्धिबळाच्या क्लासला जाते आणि उरलेल्या वेळात एक कादंबरी लिहिते. नायिका अर्थातच बुद्धिबळपटू, वय चौदा, आणि गुप्तहेर. पहिली तीन प्रकरणं लंडनमध्ये घडतात, चौथं मॉस्कोत. ‘अगं, ठाण्यात का नाही?’ असं विचारलं तर म्हणाली, ‘आत्या, ठाण्यात काय घडणार? इथे फक्त ट्रॅफिक घडतो.’

हे टिपण त्या वाक्यामुळे लिहिलं आहे.

कोर्टनाक्यापासून जवळच ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. त्याची भिंत कारागृहाची म्हणून बांधलेलीच नाही, ती किल्ल्याची आहे. पोर्तुगीजांनी १७३०च्या सुमारास किल्ला बांधायला घेतला, १७३७मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी. याच किल्ल्यात १८१५मध्ये एक बडा कैदी आणला गेला, त्रिंबकजी डेंगळे, दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आले होते. जुलै १८१५मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्याच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, एल्फिन्स्टन याने त्रिंबकजीवर ठपका ठेवला, पेशव्यावर दबाव आणला, आणि पेशव्याने बरीच टाळाटाळ करून माणूस हवाली केला.

इंग्रजांनी पहारा विचार करून नेमला होता. एतद्देशीय शिपाई फितूर होतील, म्हणून पहाऱ्यावर सगळे गोरे. पैशाचं आमिष नको, जातीपातीची ओढ नको. पण या गोऱ्यांना मराठीचं अक्षरही कळत नव्हतं.

पुढचं ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवलं आहे. गडावरच्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार होता. साहेबाचा घोडा फिरवून आणायचं त्याचं काम. घोड्याला पाय मोकळे करायला नेताना तो त्रिंबकजीच्या खिडकीखालून जायचा, परत यायचा, आणि जाता-येता गात असायचा. नोकरमाणूस काहीतरी गुणगुणतोय, यापलीकडे पहारेकऱ्यांना त्यात काही दिसलं नाही. गाण्यात सगळा बेत होता. १२ सप्टेंबर १८१६च्या संध्याकाळी त्रिंबकजी भिंतीला पाडलेल्या भोकातून निसटला.

बिशप हेबर काही वर्षांनी हिंदुस्थानात फिरत होता. त्याने हे गाणं आपल्या प्रवासवर्णनात इंग्रजी पद्यात दिलं आहे. मूळ मराठी शब्द त्यात उरलेले नाहीत, आशय उरला आहे: झुडपाआड तिरंदाज दडलेत, झाडाखाली घोडा उभा आहे, रानवाटेने माझ्यासोबत येईल असा सरदार कुठे मिळेल? आणि मग हिशेब: घोडे पंचावन्न, माणसं चोपन्न, पंचावन्नावा स्वार झाला की दख्खन पुन्हा बहरेल.

हा आकडा मला फार आवडतो. ‘तुझ्यासाठी घोडा तयार आहे’ असं थेट म्हटलं असतं तर एखाद्या दुभाष्याच्या कानाला खटकलं असतं. पंचावन्नातून चोपन्न वजा करायला मात्र आधी माहीत असावं लागतं की आपण कुठे आहोत आणि कोण आहोत. उत्तर फक्त खिडकीमागच्या माणसालाच सुटणार होतं. बुद्धिबळातल्या चांगल्या कूटप्रश्नासारखंच हे: पटावर सगळं उघडं मांडलेलं असतं, तरी दिसतं एकालाच.

(त्रिंबकजी पुढे १८१८मध्ये पुन्हा पकडला गेला आणि काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात गेला. याच ठाण्याच्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिली गेली. ही शिक्षा नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल होती, आणि त्या वधामागे लंडनहून पेटीच्या चोरकप्प्यातून आलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं होती. म्हणजे लंडन हवंच असेल तर तेही इथे येऊन मिळतं.)

आता बुद्धिबळाकडे. हेर आणि बुद्धिबळपटू एकाच माणसात असणं ही कादंबरीकारांची कल्पना वाटते, पण ती सरकारी नोकरभरतीतून आली आहे. ऑगस्ट १९३९मध्ये ब्रिटनचा संघ ब्वेनोस आयरेसला बुद्धिबळ ऑलिंपियाड खेळत होता. युद्ध सुरू झालं, संघ अर्ध्यावर स्पर्धा सोडून परतला, आणि त्यातले तिघे, ह्यू अलेक्झांडर, स्टुअर्ट मिल्नर-बॅरी आणि हॅरी गोलोंबेक, पुढे ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडायला बसले. काम मनुष्यबळाअभावी अडलं तेव्हा ऑक्टोबर १९४१मध्ये चर्चिलना थेट पत्र गेलं. सही करणाऱ्या चौघांत गणिती ॲलन ट्युरिंग आणि वेल्चमन यांच्यासोबत अलेक्झांडर आणि मिल्नर-बॅरीही होते. पत्र हातात घेऊन डाउनिंग स्ट्रीटला गेला तोही मिल्नर-बॅरीच.

बुद्धिबळपटूच का? पुष्कळदा सांगितलं जातं की ते दहा खेळ्या पुढचं पाहतात. मला हे कारण अपुरं वाटतं. खरं कारण बहुधा साधं आहे. ज्याचं नव्वद टक्के काम वाया जाणार आहे अशा कामाला तासन्‌तास बसायची त्यांना सवय असते, आणि समोरच्याने हीच खेळी का केली असेल हा प्रश्न त्यांना झोपेतही सोडत नाही.

ब्लेचलीत काम करणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश बायका होत्या. त्यातली जोन क्लार्क ही गणिती ट्युरिंगच्या गटात होती. तिला पगारवाढ देता यावी म्हणून कागदोपत्री ‘भाषातज्ज्ञ’ ही श्रेणी देण्यात आली. तिला एकही परकी भाषा येत नव्हती, आणि अर्जावर ‘श्रेणी: भाषातज्ज्ञ, भाषा: नाही’ असं लिहायला तिला मजा यायची. अलेक्झांडरने नवशिक्यांसाठी घेतलेल्या वर्गात ती बुद्धिबळ शिकली. ट्युरिंगने स्थानिक मातीच्या सोंगट्या घडवून भाजल्या, आणि रात्रपाळी संपल्यावर दोघं पेंगत पेंगत डाव मांडायचे. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा वही उघडली.

युद्धकाळात अमेरिकेच्या टपाल सेन्सॉरने पत्राने खेळले जाणारे परदेशी डाव बंदच करून टाकले. खेळीची नोंद म्हणजे अक्षर आणि आकडा. ती खेळी आहे की निरोप, हे सेन्सॉरच्या कारकुनाने कसं ठरवायचं?

शीतयुद्धात हा संशय विनोदापर्यंत पोचला. १९७२मध्ये आइसलँडमधल्या रेक्याविकला अमेरिकेचा फिशर आणि सोव्हिएत स्पास्की यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत सोव्हिएत बाजूने तक्रार केली की विद्युत किंवा रासायनिक उपायांनी स्पास्कीवर परिणाम केला जातोय. खुर्च्यांचे एक्स-रे काढले, दिवे उतरवून तपासले. सापडल्या दोन मेलेल्या माश्या. १९७८च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत, फिलिपिन्समधल्या बागियोला, कार्पोवसाठी डाव चालू असताना दह्याची वाटी आली, तर प्रतिस्पर्धी कोर्चनॉयच्या गोटाने हरकत घेतली: दह्याचा रंग किंवा ते येण्याची वेळ हा संकेत असू शकतो! मग दही कधी आणि कसलं द्यायचं याचा नियम झाला. मुलांच्या हेरकथेत असा प्रसंग कोणी कल्पनेने घातला असता तर संपादकाने ‘अतिशयोक्ती’ म्हणून काढून टाकला असता.

आपल्याकडच्या मुली या पटावर कधी आल्या? उत्तर मुंबईतच आहे, गिरगावच्या छापखान्याच्या वासाचं. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीने जिंकली, आणि पहिली दहा वर्षं हे विजेतेपद या घराबाहेर गेलं नाही. जयश्री १९७९मध्ये महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली, भारतातली पहिली. रोहिणीने १९८१ आणि १९८३मध्ये आशियाई विजेतेपद मिळवलं.

पण भाचीच्या कादंबरीला उपयोगी पडेल ते वर्ष १९७६. तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली. खळबळ उडाली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना निर्णय द्यावा लागला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. तेरा वर्षांची मुलगी समोर बसलीय याची भीती वाटणारे मोठे पुरुष: खलनायकांचा शोध घ्यायला याहून लांब जायला नको.

पुढे भाग्यश्री साठे-ठिपसे, अनुपमा अभ्यंकर-गोखले यांनी पाच-पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पुण्याची सौम्या स्वामिनाथन २००९मध्ये मुलींची जागतिक ज्युनिअर विजेती झाली. आणि जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून एकदम ग्रँडमास्टरच झाली, भारताची अठ्ठ्याऐंशीवी. भाचीच्या क्लासमधल्या मुलांनी त्या आठवड्यात आपसात मोबाईल फिरवत तो डाव पाहिला होता.

मराठी हेरकथेला मुळाची वाण नाही. शिवकाळातला बहिर्जी नाईक आहे. जुन्या कागदांतला ‘जासूद’ आहे, जो निरोपही नेतो आणि बातमीही काढतो. रहस्यकथेत बाबूराव अर्नाळकरांचा काळापहाड आणि झुंजार आहेत, मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे आहे. माझ्या लहानपणी आम्ही मुली हे सगळं मुलांइतक्याच हावरेपणाने वाचायचो, पण सायकलवर बसून पाठलाग करायला निघणारा नेहमी मुलगाच. मुलीच्या वाट्याला बहुतेकदा पळवून नेलं जाणं किंवा डबा देणं. हे खटकायचं असंही नाही. आम्ही मनातल्या मनात नावं बदलून वाचत होतो. खऱ्या आयुष्यात मात्र ऑगस्ट १९४२मध्ये बावीस वर्षांच्या उषा मेहता मुंबईत जागा बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होत्या, नोव्हेंबरात पकडल्या जाईपर्यंत. पॅरिसमधून इंग्रजांसाठी वायरलेस चालवणाऱ्या नूर इनायत खानने तर हेर होण्याआधी मुलांसाठी जातककथांचं पुस्तक लिहिलं होतं.

सामग्रीचं म्हणाल तर आपली भाषाच पाठीशी आहे. क-वर्गापासून प-वर्गापर्यंत पाच ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरं. पाच बाय पाचचा पट पाटीवर तयारच. ओळ कितवी, घर कितवं, एवढं बाकावर टकटक केलं की निरोप पोचला. ‘च’ची भाषा शाळेत सगळेच बोललेले असतात. प्राचीन चौसष्ट कलांच्या यादीत ‘म्लेच्छितविकल्प’ म्हणजे सांकेतिक लेखन ही स्वतंत्र कला आहे. कला चौसष्ट आणि घरंही चौसष्ट, हा योगायोग लेखिकेने सोडू नये.

एक गोष्ट तिला समजावून सांगायला वेळ लागला. युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस राजाशेजारची सोंगटी पटावरची सर्वांत बलाढ्य झाली आणि तिथे ती राणी आहे. आपल्याकडे ती वजीरच राहिली. इंग्रजी कादंबरीत ‘प्यादं राणी होतं’ म्हटलं की मुलीची गोष्ट आपोआप तयार होते. मराठीत ते वजीर होतं, कारभारी होतं, त्रिंबकजी होतं. भाचीला हे अन्यायाचं वाटलं. मला तसं वाटत नाही, कारण देशी बुद्धिबळात आपल्याकडे दुसरीच गोष्ट मोठी मानली जाई: प्यादेमात. हत्तीने, वजिराने मात देणं हे येरागबाळ्याचं काम. शेवटची खेळी प्याद्याने करून राजाला कोंडणं, हा खरा नजाकतीचा डाव. १८१४मध्ये, त्रिंबकजी निसटण्याच्या दोनच वर्षं आधी, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळातल्या कूटस्थितींवरचं पुस्तक संस्कृतातून इंग्रजीत होऊन मुंबईत छापलं गेलं होतं. तेव्हा ठाण्याच्या छावणीत कोणी साहेब ते उघडून बसला असेल, आणि बाहेर मोतद्दार घोडा फिरवत असेल, असं चित्र मी तिच्यासमोर उभं केलं. हे घडलं असं नव्हे, पण कादंबरीला चालेल.

ती बराच वेळ वहीत काहीतरी खरडत होती. मग म्हणाली, ‘आत्या, पळून गेला त्याचं नाव आहे. पकडून दिलं त्याचं नाव आहे. गाणं म्हणणाऱ्याचं काय नाव?’

ग्रँट डफने दिलेलं नाही, मी म्हटलं. नुसतं ‘मराठा मोतद्दार’.

लंडनची तीन प्रकरणं आता खोडली आहेत. पहिल्या पानावर नायिकेची माहिती आहे. वय चौदा, रेटिंग सोळाशे, राहणार ठाणे. त्याखाली एक ओळ नवी: खापरपणजोबांचा धंदा, घोडे फिरवणे. नाव, आणि पुढे जागा मोकळी सोडली आहे.