साठीतल्या उंदरांचं औषध

वार्धक्य लांबवणारी गोळी म्हणून हल्ली रॅपामायसिनचं नाव सारखं कानावर येतं. तिचं मूळ मातीत आहे. १९६४ च्या अखेरीस कॅनडाचं वैद्यकीय पथक पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेलं. धनुर्वाताचे जंतू घोड्यांच्या लिदीतून मातीत येतात; बेटावर घोडे भरपूर, लोक अनवाणी हिंडणारे, तरी धनुर्वात कसा नाही, हे कोडं जॉर्ज नोग्राडी या जंतुशास्त्रज्ञाला पडलं. त्यानं बेटाचे ६७ भाग पाडून प्रत्येकातली माती घेतली.

त्या मातीतल्या जिवाणूपासून मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत सुरेंद्रनाथ सेहगल यांनी बुरशी मारणारं द्रव्य वेगळं केलं. बेटवासी आपल्या बेटाला रापा नुई म्हणतात, म्हणून रॅपामायसिन. (बेटाच्या पदरात पडलं ते एवढं नावच.) पण ते प्रतिकारशक्तीही दाबतं, मग बुरशीच्या रुग्णाला देणार कोण? पुढे प्रयोगशाळा बंद झाली, तेव्हा सेहगलांनी थोडा साठा घरी नेऊन फ्रीजरमध्ये, आइस्क्रीमच्या शेजारी ठेवला. त्यातूनच काम पुन्हा उभं राहिलं आणि शरीरानं परका अवयव नाकारू नये म्हणून १९९९ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली.

दरम्यान १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलला, यीस्टवर काम करताना, रॅपामायसिन पेशीत नेमकं कशाला आवर घालतं ते सापडलं होतं. पेशीला ‘अन्न भरपूर आहे, वाढ’ असा निरोप देणारं ते प्रथिन. अर्धपोटी ठेवलेले उंदीर जास्त जगतात हे तर १९३५ पासून ठाऊक. मग उपाशी न ठेवता या औषधानंच तो निरोप अडवला तर?

अमेरिकेत तीन ठिकाणी एकाच वेळी उंदरांवर औषधं तपासण्याचा सरकारी उपक्रम चालतो. त्यातलं सॅन अँटोनिओचं केंद्र औषधशास्त्राचे प्राध्यापक रँडी स्ट्राँग यांच्याकडे होतं. अडचण अगदी साधी निघाली: खाद्यात मिसळलं की औषध खराब व्हायचं. त्याच्या सूक्ष्म कणांना लेप देण्याची युक्ती जमेपर्यंत उंदीर ६०० दिवसांचे झाले, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठीचे. तरीही प्रयोग केला, हे बरं झालं. २००९ मध्ये निकाल आला: नव्वद टक्के उंदीर मरेपर्यंतचं वय माद्यांत १४ टक्क्यांनी वाढलं, नरांत ९ टक्क्यांनी. उशीर झाला नसता, तर उतारवयात सुरू केलेलं औषधही लागू पडतं हे त्या वेळी कळलंच नसतं.

निरोगी माणसांचं आयुष्य त्यानं वाढतं, असं अजून सिद्ध झालेलं नाही. तोंड येणं, कोलेस्टेरॉल वाढणं हे त्रास प्रत्यारोपणाच्या रुग्णांना परिचयाचे आहेत. सेहगल २००३ मध्येच गेले. उंदरांचा हा निकाल त्यांनी पाहिला नाही.